दुसऱ्या दाबाला लागणारा ब्रेक

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, रोज संध्याकाळी ज्याच्यासोबत मालटेकडीवर फिरायला जातो त्या मित्रालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला मध्येच थांबवून “जाऊ द्या हो, होतं असं” म्हणू शकत नाही. त्या वाक्याची मला भीती वाटते. कोणी म्हणालं, तर मी ते लगेच मान्य करून मोकळा होईन.

गोष्ट माझ्या गाडीची आहे. म्हणजे — गाडीची म्हणून सुरू करतोय, ही पहिली पळवाट. पण सुरुवात तिथूनच करतो, कारण गाडीबद्दल मी जे बोलेन त्यात खोटं काही नाही.

पांढरी, चार दरवाजांची, पेट्रोलवर चालणारी. मुलगी जन्मायच्या आधी नवी कोरी घेतली होती. आज काटा तीन लाख किलोमीटरच्या पुढे आहे आणि गाडी अमरावतीहून अकोल्याला एका दमात जाते, परत येते. वेळेवर ऑइल, वेळेवर फिल्टर, टायरमधली हवा दर रविवारी मी स्वतः तपासतो. तरी लोकांना ती खुपते. का खुपते, सांगा? ऑफिसात “साहेब, हिले आता पेन्शन द्या.” पेट्रोल पंपावर “काका, भंगारात किती देतील?” लग्नाला गेलो तर मांडवाच्या दाराशी उभा असलेला कोणी तरी मला गाडी दूर, लिंबाच्या झाडाखाली लावायला सांगतो आणि कर्जाच्या हप्त्यावरची चकचकीत गाडी पुढे बोलावतो. चालती वस्तू फेकून द्यायची, का तर शेजाऱ्याकडे नवी आली! याची मला चीड आहे. वीस वर्षांपूर्वी होती, आज आहे, उद्याही राहील. हा राग खरा आहे, त्यातला एक शब्द मी मागे घेणार नाही.

पण याच रागाच्या आड मी इतकी वर्षं उभा राहिलो.

आमच्या घरात एक विनोदी गोष्ट आहे. प्रत्येक घरात असते तशी — पाहुणे आले, चिवडा-चहा झाला की निघते. वंदनानं, म्हणजे माझ्या बायकोनं, गाडी कशी रसवंतीत घातली त्याची गोष्ट. गाडी शिकली, लायसन काढलं, पहिल्यांदा एकटी गाडी घेऊन निघाली आणि गल्लीच्या तोंडाशी ब्रेकच्या जागी ॲक्सिलेटर दाबून रस्त्यापलीकडच्या रसवंतीत घुसली. बांबूचा मांडव बोनेटवर, बाक मोडून दोन तुकडे, आणि गाडी उसाच्या मोळ्यांवर जाऊन थांबलेली. ही गोष्ट आता ती स्वतःच सांगते. चांगली सांगते. रसवंतीवाल्याची नक्कल करते — “वहिनी, रस पाह्यजे होता तं आवाज द्यायचा, दुकानातच काहून आल्या?” सगळे हसतात. मीही हसतो.

मी हसतो! सोळा वर्षं मी त्या गोष्टीला हसत आलो आहे.

मागच्या महिन्यात आमच्या मुलीला, पल्लवीला, नोकरी लागली. पशुवैद्यकाची पदवी घेतली आहे तिनं, नेमणूक धारणीकडे. गावागावांत फिरायचं काम. एसटी दिवसातून एखाददुसरी, जीप भरली तरच निघणार. मी म्हटलं, “गाडी शिकून घे, आपलीच घेऊन जा.” पोरगी हसली नाही. म्हणाली, “नाही बाबा. मले नाही जमणार ते. मी आईवर गेली.” आणि स्वयंपाकघरातून वंदना म्हणाली, अगदी सहज, पोळी लाटता लाटता — “नको शिकू बाई. आपल्याकडच्या बायांचं ते काम नाही. माहं पाहिलं ना तू? तू तं मागंच बसून होती.”

हो. पल्लवी मागच्या सीटवर होती. तेव्हा ती दुसरीत होती. गोष्ट सांगताना हा भाग सहसा गाळला जातो.

त्या दिवशी मी ताटावरून उठलो आणि अंगणात जाऊन गाडीच्या टायरकडे पाहत उभा राहिलो. अंगात संताप होता — पण कोणावर? इतकी वर्षं मला वाटायचं, मी एकदाच एक वाक्य बोललो आणि ते तिथंच राहिलं. ते राहिलं नव्हतं. ते वाढत होतं. आता ते माझ्या मुलीच्या तोंडून बोलत होतं.

मी काय काम करतो ते सांगायला हवं. मी वजनकाटे तपासतो. सरकारी नोकरी. धान्याच्या आडतीत, किराणा दुकानात, सराफ्यात जायचं, काट्यावर आपलं प्रमाणित वजन ठेवायचं, काटा काय दाखवतो ते पाहायचं. मग वजन उचलायचं आणि पुन्हा ठेवायचं. हे पुन्हा ठेवणं महत्त्वाचं. काटा पहिल्यांदा आणि दुसऱ्यांदा सारखंच बोलला पाहिजे. पहिल्यांदा चुकला आणि दुसऱ्यांदा बरोबर आला तर तो काटा नापास, त्यावर शिक्का नाही. दुकानदार हात जोडतात, हुज्जत घालतात. अकोल्याचा एक दाळवाला तर माझ्यावर खेकसला होता — “साहेब, दुसऱ्यांदा तं बरोबर दाखवून राहिला ना!” मी त्याला विचारलं, “गिऱ्हाईक दोनदा तोलून घेतं का?” आजूबाजूची माणसं खूश झाली होती. मीही झालो होतो. हे वाक्य मी पुढे बऱ्याच ठिकाणी वापरलं.

आता गाडीकडे येतो. खरंच येतो.

जुनी गाडी चालवणं म्हणजे तिच्या खोडी सांभाळणं. माझ्या गाडीचा डावा दरवाजा थोडा उचलून लावावा लागतो. मागची काच वर चढताना हातानं आधार द्यावा लागतो. पावसाळ्यात पहिली किल्ली फुकट जाते. मला या खोडींचा अभिमान होता. घरातल्या सगळ्यांना त्या पाठ होत्या. पल्लवी लहानपणी दरवाजा असा काही उचलून लावायची की पाहणाऱ्याला वाटावं, सगळ्याच गाड्यांचे दरवाजे असेच लागतात.

रसवंतीची ती गोष्ट घडली त्याआधीच्या हिवाळ्यात एक नवी खोड सुरू झाली. ब्रेक पहिल्यांदा दाबला की पेडल पोकळ खाली जायचं, थेट तळापर्यंत. सोडून पुन्हा दाबला की घट्ट लागायचा. पायाचा जोर चाकांपर्यंत पोचवतो तो पंप, मास्टर सिलिंडर म्हणतात त्याला, आतून झिजला होता. हे समजायला गॅरेजात जायची गरज नव्हती. मला समजलं होतं. आणि बदलायला फार काही लागतं असंही नाही. अर्ध्या दिवसाचं काम.

मग का नाही बदललं?

कारण ऑफिसात माझी एक फुशारकी चालू होती. माझे सहकारी वानखडे यांनी नवी गाडी घेतली होती आणि जेवणाच्या सुटीत रोज आमचं वाजायचं. मी सांगून बसलो होतो की माझ्या गाडीचा क्लच, गिअर आणि ब्रेकचा पंप कारखान्यातून निघाला तोच आहे, आणि तीन लाखांपर्यंत तोच राहणार. “मूळचा” हा माझा लाडका शब्द. दोन लाख कधीच पार झाले होते. आणि आता ब्रेकचा पंप बदलला असं सांगू? का नाही सांगता आलं? आज लिहितानाही हे कारण इतकं क्षुल्लक दिसतं की वाटतं, यापेक्षा मोठं काही तरी असेल, शोधावं. शोधलं. नाही सापडलं.

माझा पाय दोनदा दाबायला शिकला. आठ दिवसांत तर मला कळेनासंही झालं की मी दोनदा दाबतो. दरवाजासारखंच — आणखी एक खोड. फक्त ही खोड मी घरात कोणाला सांगितली नाही.

वंदना गाडी शिकली ती तिच्या आईसाठी. सासूबाई अकोल्याला एकट्या राहायच्या. साळा नागपूरला नोकरीत. त्यांचे गुडघे गेले होते, डोळ्यांनी कमी दिसायला लागलं होतं. मला सुटी असली की आम्ही जायचो. मला सुटी असली की! वंदनाला ते बोचायचं, पण तिनं भांडण केलं नाही, सरळ शिकवणी लावली. रोज सकाळी पल्लवीला शाळेत सोडून जायची. परीक्षेला पहिल्याच फेरीत पास झाली. शिकवणारा मला म्हणाला होता, “ताईंचा ब्रेकवरचा पाय फार चांगला हाये, झटका देत नाहीत.” हेसुद्धा मी घरात कोणाला सांगितलं नाही.

लायसन आल्याचं तिनं आईला फोनवर सांगितलं. पुढच्या वेळी आम्ही अकोल्याला गेलो तेव्हा सासूबाईंच्या घराचं फाटक काढलेलं होतं. अंगणात जायला पूर्वी सायकल जाईल एवढीच वाट होती. बाईनं एका बाजूची भिंत पाडून घेतली, कण्हेरीची दोन झाडं उपटून टाकली आणि दोन पाख्यांचं, दोन्हीकडे उघडणारं रुंद लोखंडी फाटक बसवून घेतलं. गवंडी अजून गिलावा करत होता. मी विचारलं, हे कशाला? त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “माही पोरगी आता सोता गाडी घेऊन येणार हाये. रोडावर ठेवन का ती?”

तरी मी महिनाभर तिला आमच्या गाडीला हात लावू दिला नाही. ही गाडी माझ्या हाताची आहे, असं म्हणायचो. तेव्हा तरी सांगायचं होतं ना? एका वाक्याचं काम होतं.

मग तो रविवार. वानखडे घरी आले होते, खायला गिलावड्यांचा पुडा घेऊन. व्हरांड्यात बसून आमचं नेहमीचं चाललं होतं आणि मी नेमका ब्रेकवरच बोलत होतो. वंदना पिशवी घेऊन बाहेर आली. म्हणाली, “मी बाजारात जाऊन येऊ का गाडीनं? जवळच तं हाये.” मी काही बोलायच्या आत वानखडे हसले, “द्या ना किल्ली, साहेब! का गाडीवर भरोसा नाही? आता तं मोठे सांगून राहिले होते.”

नीट ऐका. मला माहीत होतं. विसरलो नव्हतो, गडबडीत नव्हतो. “ब्रेक दोनदा दाबावा लागतो” हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. वानखडे समोर बसलेले होते. मी मनातल्या मनात हिशेब केला — गल्ली छोटी, वेग कमी, दुपारी रहदारी नसते, काही होणार नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची वजनं तपासणाऱ्या माणसानं त्या एका क्षणात बायकोचा जीव एका पारड्यात टाकला आणि दुसऱ्यात वानखड्यांचं हसू. किल्ली दिली. पल्लवी धावत गेली आणि मागं बसली. तिनं दरवाजा उचलून लावला. मी तेही पाहिलं. गिलावडा माझ्या हातात होता.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. रसवंतीवाला बर्फ आणायला आत गेला होता. बाकावरच्या दोन मुली रस पिऊन नुकत्याच उठल्या होत्या. कोणाला लागलं नाही.

मी धावत पोचलो तेव्हा वंदना गाडीबाहेर उभी होती, पल्लवीला पोटाशी धरून. पहिलं वाक्य ती बोलली ते असं — “मी ब्रेकच दाबला हो. पाय खालपर्यंत गेला. लागलाच नाही.” तिनं बरोबर सांगितलं होतं. कोणत्याही मेकॅनिकनं त्यावरून दोष ओळखला असता. आणि मी म्हणालो, “घाबरलं की पाय…”

एवढंच. मी फक्त अर्धं वाक्य बोललो. बाकीचं पूर्ण करायला रस्ताभर माणसं उभी होती. “ॲक्सिलेटर दाबला असन वहिनीनं.” “बाई हाये ना चालवणारी, मंग!” “नवीन लायसनवाल्याले गाडी द्याच नाही.” किती पटकन, किती आनंदानं! एकाही माणसानं त्या जुन्या गाडीकडे बोट दाखवलं नाही. जिला रोज भंगार म्हणायचे, त्या दिवशी ती निर्दोष ठरली! मला त्या माणसांचा आजही राग येतो. कोणी तरी विचारायला नको होतं? पण माझं खोटं त्यांनी रचलं नाही, त्यांनी फक्त उचलून धरलं. आणि पुढं मी जे केलं ते तर कोणीच करायला सांगितलं नव्हतं.

मी गाडीत बसलो. बोनेटवरचे बांबू लोकांनी बाजूला केले. गाडी मागं घेण्याआधी मी ब्रेकवर पाय ठेवला, हळूच एकदा दाबून सोडला — मान खाली, कोणाला दिसणार नाही असा. मग सगळ्यांदेखत दुसऱ्यांदा दाबला आणि खिडकीतून म्हणालो, “हे पाहा, ब्रेक तर बरोबर लागतोय.”

वंदना तिथंच उभी होती. तिनं पाहिलं. तिनं स्वतःच्या पायावरचा विश्वास सोडला आणि माझ्या पायावर ठेवला.

दुकानदारानं असा काटा मला दाखवला असता, तर मी काय केलं असतं, सांगा?

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जातो सांगून मी गाडी बडनेऱ्याच्या एका गॅरेजात नेली. तिथं मला कोणी ओळखत नव्हतं. पंप बदलून घेतला. जुना पंप तिथल्या भंगारात टाकून आलो. मग कित्येक वर्षं ऑफिसात सांगत राहिलो की ब्रेक मूळचाच आहे. तीन लाख झाले तेव्हा वानखड्यांनी सगळ्यांना पेढे वाटले. मी खाल्ला.

वंदनानं पुन्हा किल्लीला हात लावला नाही. मी एकदा-दोनदा म्हटलं, चालवून पाहा आता — कारण आता ब्रेक चांगला होता ना! ती म्हणायची, “नको. माहं डोकं नाही चालत त्याच्यात. पोट्टी होती मागं.” आईला भेटायला ती गाडीची, माझ्या सुटीची वाट पाहायची. नाही तर बडनेऱ्याहून पॅसेंजर, तिकडे ऑटो, आणि अंधार पडायच्या आत परत. सासूबाई आणखी चार वर्षं होत्या. आम्ही गेलो की त्या फाटकाचे दोन्ही पाखे उघडायला लावायच्या. गाडी आत यायची. त्या अगदी जवळ येऊन, डोळे बारीक करून, चालवणाऱ्याच्या खिडकीतून आत पाहायच्या. “तुमीच व्हय,” असं म्हणायच्या. दर वेळी. नाराजीनं नाही, नुसतं तपासून घेतल्यासारखं.

आज त्या घरात साळा राहतो. फाटक तसंच आहे. एक पाखा कायम बंद असतो, कारण त्याच्याकडे मोटारसायकल आहे.

जुनी गाडी ठेवली यात माझी चूक नाही, हे मी अजूनही म्हणेन, आणि कोणाशीही भांडेन. तिची खोड सांगायला हवी होती. चारचौघांत, वानखड्यांसमोर, किल्ली हातात देताना. ती मी लपवली, मग लोकांना खोटा ब्रेक दाखवला, मग सोळा वर्षं बायकोच्या नकलेला हसलो. मागच्या महिन्यात पल्लवी “मी आईवर गेली” म्हणाली तेव्हाही मी अंगणात निघून गेलो. तोंडानं सांगायला हवं होतं, ते लिहितोय. हाही भित्रेपणाच आहे. त्याला दुसरं नाव देत नाही.

हा कागद सगळ्यात आधी वंदना वाचेल, मग पल्लवी. तुम्ही त्यांच्यानंतर. त्या काय म्हणतील, ते त्यांचं. पण आमच्या घरात पुन्हा कोणी ती गोष्ट सांगायला घेतली, तर ती बरोबर सांगावी म्हणून इथं लिहून ठेवतो.

त्या दिवशी वंदनानं ब्रेकच दाबला होता. वेळेवर दाबला होता. एकदाच दाबला होता, कारण ब्रेक एकदाच दाबायचा असतो.